गुला म्हणजे गूळ की साखर?

नुकतीच बांडुंगला जाऊन आले. इंडोनेशियात, पश्चिम जावातलं हे शहर डोंगरांनी वेढलेलं, ७०० मीटरपेक्षा उंचावर, त्यामुळे संध्याकाळी मस्त गारवा. १९५५ सालची आशियाई-आफ्रिकी परिषद जिथे भरली ती 'गेदुंग मर्देका' इमारत बघून बाहेर पडले, तर पुढच्या गल्लीत एक बाई सुराबी करत बसल्या होत्या. निखाऱ्यावर मातीची छोटी खापरं, त्यात तांदळाचं पीठ नारळाच्या दुधात कालवून ओतलेलं, वर मातीचंच झाकण. झाकण काढलं की कडा करपट, मधोमध लुसलुशीत जाळी. त्यावर 'किंचा' ओततात, म्हणजे गूळ घातलेलं नारळाचं दूध. पहिल्या घासाला आमच्या मालवणातलं रस-घावन आठवलं!

हे गोड कशाचं, असं विचारलं तर म्हणाल्या, 'गुला मेराह'. मेराह म्हणजे लाल. पण चहात घालायच्या साखरेलाही तिथे 'गुला'च म्हणतात. मग हा आपला गूळच का? आणि तो साखरेला कसा चिकटला?

प्रतिसाद १

होय, तोच. संस्कृत 'गुड', त्याचा प्राकृतात 'गुळ', आपल्याकडे 'गूळ', तिकडे ळ नसल्यामुळे 'गुला'. तिथे हा शब्द कुठल्याही गोडाचं सामान्यनाम झाला. त्यामुळे खऱ्या गुळालाच 'लाल' असं विशेषण लावावं लागतं. बांडुंगच्या सुंदानी भाषेत त्याला 'गुला कावुंग' म्हणतात. कावुंग हे ताडाच्या कुळातलं झाड, त्याचा रस आटवून हा गूळ करतात.

खरी गंमत पुढे आहे. साखर म्हणजे 'गुला पासिर', आणि पासिर म्हणजे वाळू. आपली 'साखर' ज्या 'शर्करा' शब्दातून आली, त्याचाही अर्थ खडे, रेती असाच! खडीसाखर 'गुला बातू', बातू म्हणजे दगड. शब्द वेगळे, पण दोन्हीकडच्या लोकांना साखरेत दिसली ती वाळूच. मला तर हे गुला-गूळ या सारखेपणापेक्षाही जवळचं वाटतं.

प्रतिसाद २

मसाल्यांचंही बघा. 'मरिच'पासून आपलं मिरं, त्यांचं 'मेरिचा'. मिरची अमेरिकेतून आल्यावर आपण त्याच नावातून तिचं नाव घडवलं. तिकडे मेरिचा मिऱ्यापाशीच राहिला. 'कुस्तुंबरी'च्या कुळातला 'कतुंबार' म्हणजे तिथे धणे, आपल्याकडे कोथिंबीर म्हणजे पाला. कोथिंबिरीची जुडी हवी असेल तर बाजारात 'दाउन कतुंबार' मागायचं, दाउन म्हणजे पान.

आणि ताई, त्या इमारतीच्या नावातला 'मर्देका' हाही संस्कृत 'महर्द्धिक'वरून आलेला. मूळ अर्थ मोठ्या ऐश्वर्याचा. पुढे तिकडे दास्यातून सुटलेल्या माणसाला हा शब्द लागला आणि मग त्याचा अर्थ स्वातंत्र्य झाला.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सुराबीची कृती मराठीत लिहून ठेवताना मी 'लाल साखर' असं लिहिलं होतं, ते खोडलं. नुसतं 'गूळ' लिहायचं. आरेन, म्हणजे तुमचा कावुंग, इथे मिळणार नाही. त्याऐवजी माडाचा गूळ घ्यावा म्हणते, उसाच्या गुळाने ती धुरकट चव येणार नाही.