सातवीला इंग्रजीतले मेन आणि सबॉर्डिनेट क्लॉज शिकवायचेत, साहित्य सुचवा (बजेट ५०० रुपये)

खडूची_भुकटी
नमस्कार मंडळी. मराठी माध्यम, सातवी, ३२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. फळा आहे, प्रोजेक्टर नाही, दुपारनंतर वीज असेलच असं नाही. मेन क्लॉज (मुख्य वाक्य), सबॉर्डिनेट क्लॉज (त्यावर टेकलेलं गौण वाक्य) शिकवून झालेत. म्हणजे मी शिकवलेत. व्याख्या विचारली की सगळा वर्ग एका सुरात म्हणतो. वही उघडली की 'ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टू स्कूल'. नाहीतर 'बिकॉज आय वॉज इल' एवढंच, आणि पुढे ऐटीत फुलस्टॉप. तक्ता, कार्डं, खेळ, पुस्तक, काहीही सुचवा. खिशातले ५०० रुपये आहेत, त्यापुढे नाही.

बाणेरचा_बंड्या
आमच्या सोसायटीच्या अभ्यासिकेत ५५ इंची टच पॅनल घेतलाय. वाक्याचे तुकडे बोटाने ओढायचे, चुकलं की लाल होतं. मुलं हलत नाहीत तिथून. एकदा खर्च होतो, पण पुढची दहा वर्षं बघायला नको.

खडूची_भुकटी
दादा, ५०० रुपये. आणि वीज.

बाणेरचा_बंड्या
इन्व्हर्टर घ्या ना मग.

निवृत्त_मास्तर
ताई, २००० साली इंग्रजी पहिलीपासून आणलं तेव्हाच मी म्हणालो होतो, पाया कच्चा राहणार. आम्ही पाचवीत एबीसीडी गिरवली आणि मॅट्रिकला पानभर क्लॉज ॲनालिसिस करायचो. ते लाल कव्हरचं जाड व्याकरण आणा, रोज दहा वाक्यं. माझी प्रत अजून आहे, बायंडिंग तीनदा केलं. आणि इंग्रजीच्या तासाला मराठी अजिबात नको.

न्यूजर्सीची_मावशी
आमच्या धाकट्याला इथे सहावीत एक युक्ती शिकवली होती, 'आवूबिस'. आफ्टर, ऑलदो, ॲज, व्हेन, व्हाइल, अंटिल, बिकॉज, बिफोर, इफ, सिन्स या दहा शब्दांची आद्याक्षरं. यातल्या शब्दाने वाक्य सुरू झालं की मध्ये कॉमा येणार आणि मग मेन क्लॉज. तो अजून झोपेत म्हणेल! एक सुंदर ॲप पण आहे, वर्षाचे ६० डॉलर फक्त.

अधोरेखित
आवूबिस चांगलं आहे, पण त्यात एक खड्डा आहे. 'आफ्टर लंच' हा क्लॉज नाही, 'आफ्टर द मॅच एन्डेड' हा आहे. म्हणून आधी क्रियापदं मोजायला लावा. काळ दाखवणारी क्रियापदं जितकी, तितके क्लॉज. मग जोडणारा शब्द कुणाच्या डोक्यावर बसलाय ते बघायचं. तो गौण.

आता तुमचं 'ऑलदो... बट'. मास्तरांची क्षमा मागून, हे मराठीशिवाय सुटणार नाही, कारण ही चूक मराठीतूनच येते. आपल्याकडे हे शब्द जोडीने फिरतात. जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, जो-तो. मूल मनात 'जरी पाऊस होता तरी गेलो' म्हणतं आणि 'तरी'ला इंग्रजी कपडे घालतं. त्याला सांगा, इंग्रजीत 'जरी' असेल तर 'तरी' गिळायची.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. 'घरी आल्यावर मी जेवलो' हे मराठीत केवल वाक्य आहे, क्रियापद एकच. इंग्रजीत मात्र सहज दोन क्लॉज होतात, 'आफ्टर आय केम होम, आय एट'. आपली मुलं बोलताना -ल्यावर, -ताना, -ऊन यांवरच भागवतात, म्हणून क्लॉज हा प्रकार त्यांना परका वाटतो. अशी दहा वाक्यं मुलांकडूनच घ्या आणि फोडायला द्या. खर्च शून्य.

रंकाळ्याचा_वारा
'तरी गिळायची' म्हणे. आमच्याकडे तिला कट म्हणतात. 😄

नागपुरी_संत्रं
तर्री म्हणा भाऊ. आणि ती पोह्यांवर घेतात.

रंकाळ्याचा_वारा
पोह्यांवर?? धागा बंद करा.

निवृत्त_मास्तर
अधोरेखित, 'ऑलदो... येट' आम्ही लिहायचो आणि पूर्ण गुण मिळायचे. 'इफ... देन' सुद्धा शुद्ध आहे. सरसकट गिळू नका.

अधोरेखित
मान्य. 'येट' जुन्या वळणाचं, पण चूक नाही. 'देन' चालतंच. सातवीला एवढंच सांगावं: ऑलदो असेल तर बट नाही, बिकॉज असेल तर सो नाही. अपवाद पुढच्या वर्षी.

फुगलेली_पुरी
कार्डं करणार असाल तर लॅमिनेशनचं मशीन घरी घेऊ नका. मी २,२०० ला घेतलं. तिसऱ्याच कार्डाला आत गुंडाळून बसलं, घरभर प्लास्टिकचा वास, सासूबाई विचारताहेत दूध उतू गेलं का. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागे स्केचपेनने लिहा. मेन निळ्यात, गौण लाल.

चिमणीचं_घर
मी कार्डं वगैरे काही करत नाही. अर्धं वाक्य मोठ्याने वाचते आणि थांबते. 'व्हेन आय रीच्ड द बस स्टँड...' वर्ग ओरडतो, 'मग?' 'मग?' असं विचारावंसं वाटलं की ते सबॉर्डिनेट.

अधोरेखित
ही कसोटी लंगडी आहे. 'ही सेड दॅट ही वॉज टायर्ड' घ्या. 'ही सेड' वर थांबा. वर्ग 'मग?' म्हणणारच, पण मेन क्लॉज तोच आहे.

चिमणीचं_घर
सातवीला हे 'दॅट'वालं नामवाक्य कोण शिकवतंय सर? माझी मुलं पास होतात.

नुसता_वाचक
वर आलं नसेल तर सांगतो, आवूबिस म्हणून एक युक्ती आहे. आणि लग्नपत्रिकांच्या मागे कार्डं करता येतात.

खडूची_भुकटी
सगळ्यांचे आभार, कोल्हापूर-नागपूर सीमावादासकट. पुस्तक घेतलं नाही, कार्डंही केली नाहीत (३२ मुलांत पाच मिनिटांत निम्मी गायब होतात, अनुभव आहे).

बाजारात जाऊन रबरी शिक्का करून घेतला. त्यावर एकच शब्द, 'मग?'. शिक्का आणि पॅड मिळून १८० रुपये. वहीत अर्धं वाक्य दिसलं की दाबते. अधोरेखित, कसोटी लंगडी आहे हे पटलं, तरी ठेवलीय. जो 'बिकॉज आय वॉज इल' लिहून थांबतो त्याच्यापुरती ती दोन पायांवर उभी आहे. 'ही सेड' आलं की फळ्यावर क्रियापदं मोजते. 'आल्यावर'ची वाक्यं मात्र मुलांनी भराभर दिली, चाळीसेक झाली. त्यातली बरीचशी आईच्या ओरडण्यावर संपतात.

दोन आठवड्यांत अर्धी वाक्यं कमी झालीत. 'ऑलदो... बट' अजून आहे. काल एकाने बटवर काट मारून वर लिहिलं, 'तरी गिळली'.

बाणेरचा_बंड्या
शिक्का सेल्फ इंकिंगचा घ्यायला हवा होता. पॅड उन्हाळ्यात सुकतं. मी ऑफिससाठी घेतला तो साडेसहाशेचा, एक नंबर चालतो.