इसेकाई : अर्थ काय, लिंग कोणतं, आणि ‘नेहमीची नाही’ म्हणजे नक्की काय?

अर्धविराम

भाची दहावी आटोपून सुट्टीला आली ती अर्धी बॅग मंगांनी, म्हणजे जपानी चित्रकथांनी, भरून. तिच्या तोंडी तासाला दहा वेळा एकच शब्द : इसेकाई. परवा एक मंगा माझ्या हातात देऊन म्हणाली, “मामा, ही इसेकाई आहे, पण टिपिकल इसेकाई नाहीये.” आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखितासाठी तिच्याकडून पुस्तक-परिचय लिहून घ्यायचा म्हणून बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो.

अडचणी अशा. शब्दाची फोड काय? ‘ती इसेकाई’ की ‘तो इसेकाई’? (भाची ‘ती’ म्हणते, तिचा धाकटा भाऊ ‘तो’ म्हणतो, आणि दोघंही हटून बसलेत.) मराठीत चपखल शब्द आहे का? आणि ‘टिपिकल नाही’ हे विशेषण लागायला त्या गोष्टीत काय असावं लागतं? शेवटचा प्रश्न शब्दचर्चेत बसत नसेल तर सोडून द्या.

खडूफळा

बसतो की. मला तर वाटतं त्याचं उत्तर पहिल्या प्रश्नातच आहे. थोडं जपानी शिकलोय, त्या भांडवलावर लिहितो.

फोड : इ + सेकाई. सेकाई म्हणजे जग. ‘इ’ म्हणजे वेगळा, नेहमीच्यातला नसलेला. हाच ‘इ’ ‘इकोकु’मध्ये आहे (परदेश) आणि ‘इजो’मध्येही (विपरीत, असाधारण). म्हणजे नुसतं ‘दुसरं’ जग नव्हे. ‘दुसरं’ म्हटलं की मोजणी आली, पहिलं-दुसरं-तिसरं. ‘इ’ मोजत नाही, तो परकेपणा सांगतो.

गंमत ‘सेकाई’ची आहे. हा मूळचा जपानी शब्द नाही, चीनमधून आलेला आहे. बौद्ध ग्रंथ चिनीत उतरवताना ‘लोकधातु’ या संस्कृत शब्दासाठी ही अक्षरजोडी वापरली गेली. परंपरेतला विग्रह असा : ‘से’ म्हणजे काळाचा ओघ, ‘काई’ म्हणजे दिशांची मर्यादा. काळ आणि हद्द, दोन्ही असतील तेव्हा ते जग. इसेकाईतला जो ‘माओ’ असतो, राक्षसांचा राजा, ज्याला मारायला नायकाला बोलावून घेतात, त्यातला ‘मा’ही आपल्या ओळखीचा निघतो. बुद्धाची वाट अडवणारा ‘मार’ चिनीत लिहिण्यासाठी वापरलेलं ते अक्षर.

आता वापर. जपानीत ‘इसेकाई’ हे ठिकाण आहे, कथाप्रकार नाही. आपल्या जगातला माणूस परक्या जगात जाऊन पडतो अशा कथाप्रकाराला ते ‘इसेकाई-मोनो’ म्हणतात. ‘मोनो’ म्हणजे वस्तू, पण इथे त्याचं काम आपल्या भयपटातल्या ‘पट’सारखं. शब्द इंग्रजीत जाताना ‘मोनो’ गळून पडला आणि ठिकाणाचं नाव प्रकारालाच चिकटलं. आपण तो इंग्रजी वळणाने घेतला, म्हणून भाची ‘ही इसेकाई’ म्हणते. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात तो मार्च २०२४ मध्ये दाखल झाला, सोबत ओनिगिरी, ताकोयाकी वगैरे बरीच खाद्यमंडळीही होती.

तिरकामाणूस

टिपिकल म्हणजे काय ते मी सांगतो, दोन ओळी पुरे. एकटा, कंटाळलेला माणूस. ट्रक अंगावरून जातो. डोळे उघडतो तर मध्ययुगीन युरोपासारखं काहीतरी, पण संडासाची भानगड नसलेलं. देवी भेटते, वरदान देते. पुढच्या पानावर तो त्या जगातला सर्वांत बलवान. मग घर, मग जेवण, मग भोवती पाच-सहा मुली. शेवट नाही, कारण खप आहे.

जपानी वाचक त्या वरदानाला ‘चीतो’ म्हणतात. इंग्रजी ‘चीट’च, व्हिडिओ गेममध्ये फसवून मिळवतात ती ताकद. ‘वरदान’ हा शब्द मी चुकून वापरला, मागे घेतो. वरदानासाठी निदान एका पायावर उभं राहून तप तरी करावं लागे.

पानगळ

ट्रकवरून चिडवणं सोपं आहे, पण तो साचा कुठून आला तेही बघा. जपानात ‘शोसेत्सुका नि नारो’ म्हणून एक संकेतस्थळ २००४ पासून आहे. नावाचा अर्थच ‘चला, कादंबरीकार होऊया’. कुणीही प्रकरणागणिक गोष्ट टाकायची, वाचकांनी गुण द्यायचे. वर चढायचं तर पहिल्या दोन पानांत वाचक धरायला हवा, त्यामुळे प्रत्येकाला झटपट दार हवं झालं. ट्रक हे ते दार. जगही तयारच होतं, १९८६ च्या ड्रॅगन क्वेस्टपासून असे व्हिडिओ गेम खेळत वाढलेल्या पिढीला गिल्ड (साहसवीरांचा संघ), स्लाइम (जेलीसारखा राक्षस), राक्षसराजा यांतलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. इतक्या गोष्टी आल्या की २०१६ मध्ये त्या संकेतस्थळाने इसेकाईची क्रमवारीच वेगळी काढली, बाकीच्या लेखकांना श्वास घेता यावा म्हणून. यातल्या गाजलेल्या गोष्टींच्या छापील कादंबऱ्या होतात, मग मंगा, मग जपानी कार्टून मालिका, म्हणजे अ‍ॅनिमे.

ट्रकच्या आधीही दुसऱ्या जगात जाणारे होतेच. रुमिको ताकाहाशींच्या ‘इनुयाशा’ या मंगातली कागोमे १९९६ मध्ये घरच्या विहिरीतून गेली आणि येऊनजाऊन राहिली, शाळेची परीक्षा बुडवून. पण तेव्हा तिला कुणी इसेकाई म्हणत नसे.

मठ्ठताक

लिंगाचं बोला की कुणीतरी. माझं मत : आत आलेला शब्द मराठीत ज्या जातिवाचक नामाखाली बसतो त्याचं लिंग घेतो. ‘गोष्ट’ मनात असेल तर ती, ‘प्रकार’ असेल तर तो, ‘जग’ असेल तर ते. शिवाय ईकारान्त आहे, म्हणजे स्त्रीलिंगाकडे ओढ. भाचीला माझं मत.

आणि शेवटची वेलांटी दुसरीच. जपानीत चारही मात्रा सुट्या आहेत, इ-से-का-इ, पण शेवटचा इकार मराठीत दीर्घ लिहायचा. ‘मांगा’ मात्र लिहू नका. जपानीत तो ‘म’ ऱ्हस्व आहे, ‘मंगा’च बरोबर. आमच्या आळीत मंगेशला मंगा म्हणतात त्याला इलाज नाही.

खडूफळा

मठ्ठताक, लिंगाबद्दल सहमत. मंगाबद्दलही.

अर्धविराम, पुस्तक कोणतं ते सांगितलं नाहीत.

अर्धविराम

‘होनझुकी नो गेकोकुजो’. मुखपृष्ठावर निळ्या केसांची लहान मुलगी.

पानगळ

हे आधी का नाही सांगितलंत! आता मला जरा लांबण लावू द्या.

मिया काझुकी यांनी २०१३ ते २०१७ त्याच संकेतस्थळावर लिहिलेली गोष्ट. मंगा काढली सुझुका यांनी. पुस्तकवेडी मुलगी, नुकतीच ग्रंथपालाची नोकरी लागणार, तेवढ्यात भूकंपात अंगावर पुस्तकं कोसळून मरते. (ट्रक नाही, तिरकेराव.) जाग येते ती माइन नावाच्या पाच वर्षांच्या, सतत आजारी पोरीच्या अंगात. बाप शिपाई, घर गरीब. आणि घरात पुस्तक नाही. शेजारी नाही. गल्लीत नाही. पुस्तकं हाताने चामड्यावर उतरवलेली, ती फक्त सरदारांकडे.

साच्यातला नायक इथे म्हणाला असता, मला छपाई माहीत आहे, आणि पुढच्या प्रकरणात छापखाना. माइनलाही माहीत आहे, पण माहिती आणि वस्तू यांत किती अंतर असतं यावरच ही गोष्ट चालते. आधी ती गवताच्या काड्या विणून पपायरससारखं काहीतरी करायला बसते. बोटाएवढा तुकडा होईस्तोवर जीव जातो. मग मातीच्या पाट्या, भाजताना फुटतात. मग लाकडाच्या चपट्या फोडी, आणि त्या तिची आई सरपण समजून चुलीत घालते. आईचं काही चुकलं का? त्या घरात लाकडाचा दुसरा उपयोग काय? त्या एका प्रसंगात जग किती परकं आहे ते कळतं. राक्षस नाही, ड्रॅगन नाही, चूल आहे.

कागद जमतो तोही एकटीच्या बळावर नाही. चार पावलं चालली तर ताप येणारी पोर ती. शेजारचा लुट्झ जंगलातून लाकूड आणतो, साल काढतो. भांडी, चाळण, राख, सगळ्याला पैसे लागतात, म्हणून बेनो हा व्यापारी मध्ये येतो आणि तो एकही गोष्ट फुकट देत नाही. किंमत काय, नफा कुणाचा, कोणत्या संघाची परवानगी, चामड्याचा कागद विकणारे गप्प बसतील का, ही सगळी घासाघीस पानंच्या पानं चालते, आणि मला ती तलवारबाजीपेक्षा जास्त रंगलेली वाटली.

आणि एक. बहुतेक इसेकाई विसरतात की ज्या देहात नायक शिरला त्याचं आधी कुणीतरी होतं. इथे लुट्झच्या ते लक्षात येतं. तू माइन नाहीस, माझी माइन कुठे गेली, असं तो तिला तोंडावर विचारतो. त्या पानावर मी मंगा मिटून ठेवली होती थोडा वेळ.

मठ्ठताक

हा तर परकायाप्रवेश झाला, पुनर्जन्म नव्हे. मंडनमिश्रांच्या पत्नीच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची म्हणून शंकराचार्य अमरुक राजाच्या मृत देहात शिरले, ती कथा. जपानीत यासाठी वेगळा शब्द आहे का?

खडूफळा

गोष्टींच्या वर्गवारीत मुख्य भेद दोन : ‘तेनसेई’ म्हणजे पुनर्जन्म, ‘तेन-इ’ म्हणजे आहे त्या देहानिशी तिकडे जाणं. तेनसेई हा पुन्हा बौद्धांचाच शब्द, संसारचक्राला जपानी जे ‘रिन्ने तेनसेई’ म्हणतात त्यातला. माइनची गोष्ट तेनसेईत टाकतात, पण तुमचा शब्द जास्त नेमका आहे. आपल्याकडे या व्यवहाराला शब्दांची ददात कधीच नव्हती.

शीर्षकाकडेही बघा. त्यात इसेकाई हा शब्दच नाही. ‘गेकोकुजो’ हा जपानच्या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या धामधुमीचा शब्द : खालच्याने वरच्याला उलथून त्याची जागा घेणं, सरदाराने मालकाला, चाकराने सरदाराला. ‘होनझुकी’ म्हणजे पुस्तकवेडी. पुस्तकवेडीचा पुंडावा! गोष्ट जगांतरीची आहे हे न सांगता ती पायऱ्यांची आहे, खालून वर चढण्याची, हे शीर्षक सांगतं.

तिरकामाणूस

पटलं, पण मग हसवणाऱ्या इसेकाईंचं काय? सगळ्यांनी कागदच करायचा का? मला आवडलेली एकच आहे, ‘इसेकाई ओजिसान’, म्हणजे इसेकाईवाला काका. सतराव्या वर्षी ट्रकखाली (हो, ट्रक) येऊन कोमात गेलेला काका सतरा वर्षांनी, २०१७ मध्ये जागा होतो आणि पुतण्याला सांगतो, मी दुसऱ्या जगात होतो. पुतण्याला वेड लागल्यासारखं वाटतं, तेवढ्यात काका जादू करून दाखवतो. मग दोघं मिळून युट्यूबवर व्हिडिओ टाकून पोट भरतात. तिकडे काय झालं ते काका अधूनमधून दाखवतो : बिचारा दिसायला असा की तिकडचे लोक त्याला राक्षस समजून मारायला धावत. आणि काकाला खरं दुःख कशाचं, तर आपण नसताना सेगा कंपनीने गेमची यंत्रं बनवणं बंद केलं याचं.

पानगळ

पण बघा ना, तुमच्या काकाचंही तेच आहे. तिकडचं जग त्याला सहजासहजी आत घेत नाही, आणि परत आला तर इकडचं जगही परकं झालेलं. ‘री:झीरो’ या इसेकाईतल्या सुबारू या नायकाला तिकडची बोली समजते पण लिपी येत नाही, बसून बाळबोध मुळाक्षरं गिरवतो. एवढासाच तपशील आहे, पण तिथे ते जग खरं वाटायला लागतं. साच्यातल्या गोष्टीत जग पायघड्या घालून तयार असतं. मग त्याला ‘इ’ कशाला म्हणायचं? नुसतं सेकाई झालं ते.

खडूफळा

मी हेच म्हणत होतो, तुम्ही नीट म्हणालात.

घाटमाथा

उशिरा आलो. प्रतिशब्दाचं अजून कुणी काढलंच नाही. ‘परलोक’ सुचला असेल सगळ्यांना आणि सगळ्यांनी गिळला असेल. ‘परलोकवासी’ म्हटलं की श्रद्धांजलीच्या जाहिराती आठवतात. अर्थाने तो जवळचा आहे, ट्रकवाल्यांच्या बाबतीत तर अगदीच, पण वापरता येणार नाही. ‘लोकांतर’चंही तसंच. ‘अन्यविश्व’ सरकारी वाटतं.

माझा शब्द : परजग. परगाव, परप्रांत, परदेश, परग्रह या रांगेतला. आमच्याकडे म्हातारी माणसं सुनेच्या माहेरालाही परगाव म्हणायची, सहा कोसांवर असलं तरी. ‘पर’मध्ये अंतर नाही, परकेपणा आहे, म्हणजे खडूफळांचा ‘इ’च. आणि प्रकाराला ‘परजगकथा’, म्हणजे ते ‘मोनो’ही परत येतं.

मठ्ठताक

‘पर’ संस्कृत आणि ‘जग’ मराठी वळणाचं, असा आक्षेप कुणी घेण्याआधी सांगतो : ‘परगाव’लाही तो लागू आहे आणि परगावला कुणी अडवत नाही. पण बोलताना कुणी परजगकथा म्हणणार नाही. इसेकाईच म्हणतील. लेखात पहिल्यांदा ‘इसेकाई, म्हणजे परजगकथा’ लिहा आणि पुढे इसेकाईच चालू द्या.

तिरकामाणूस

परजग मान्य. ‘टिपिकल’ला ‘साचेबंद’ आहेच, मामांनी एवढं का ताणलं कळलं नाही.

अर्धविराम

‘साचेबंद’ सुचला होता, पण भाचीला तो शिवी वाटतो. तिला त्या साचेबंदही आवडतात, अठरा आणल्यात. शेवटी तिने स्वतःच लिहिलेलं वाक्य असं आहे :

“ही इसेकाई, म्हणजे परजगकथा आहे, पण यातल्या परजगाला माइन आलेली आवडत नाही आणि तिलाही ते आधी आवडत नाही.”

मी ‘आवडत नाही’ दोनदा आलंय म्हणून एक खोडायला गेलो, तर म्हणाली, दोन्ही राहू दे. राहू दिले. धाकट्याने समासात पेन्सिलीने ‘हा इसेकाई’ करून ठेवलंय, ते मात्र खोडलं.