मदत हवी आहे: रेकॉर्डबरोबर वाजवताना सूर जुळत नाही

निळासूर
कृपया लवकर सांगा, दोन आठवडे वैतागलोय. एलपी लावून तिच्याबरोबर कीबोर्डवर वाजवत शिकायचा प्रयत्न चालू आहे. नुसतं ऐकताना सगळं उत्तम. वाजवायला घेतलं की रेकॉर्ड चढी लागते. एक पट्टी धरली तर रेकॉर्ड तिच्या वर, शेजारची धरली तर रेकॉर्ड खाली. दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी आहे. बेल्ट नवा टाकला, सुई बदलली, फरक शून्य. काय करू?

तबकडीवाला
टर्नटेबल कोणतं ते लिहा हो. बेल्ट बदलला म्हणजे बेल्टवालं आहे एवढंच कळलं. सुईचा आणि सुराचा संबंध नाही, तो खर्च वाया गेला. आधी वेग मोजा. तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा ठेवा आणि फेऱ्या मोजा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांचा वेग असेल तर ३ मिनिटांत बरोबर १०० फेऱ्या व्हायला हव्यात. १०३ झाल्या तर साधारण पाव स्वर चढलात. त्यासाठी कुठलंही उपकरण लागत नाही.

लोलक
मोटरची पुली बघा. ६० हर्ट्झच्या विजेसाठी केलेलं यंत्र ५० हर्ट्झवर लावलं की वेग चुकतो. जुन्या यंत्रांत हा दोष हमखास सापडतो. माझ्याकडच्या यंत्राची पुली बदलली आणि प्रश्न मिटला.

तबकडीवाला
लोलक, तुमच्या यंत्राचा प्रश्न वेगळा होता. ६०ची पुली ५०वर लावली तर तबकडी हळू फिरते, सूर चांगला तीन अर्धस्वर खाली येतो. यांचा वर गेलाय, आणि तोही थोडासाच. शिवाय मोटर डीसी असेल तर विजेच्या हर्ट्झचा प्रश्नच येत नाही.

लोलक
मोटर कोणती आहे ते त्यांनी कुठे सांगितलंय? तुम्हीही अंदाजच करताय.

मंद्र
रेकॉर्ड स्वच्छ करून बघितली का? आणि एक कळकळीने सांगतो, ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोल लावू नका. त्या लाखेच्या असतात, अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. विनाइलला चालणारं द्रावण त्यांना चालत नाही. त्यांची सुईही वेगळी, एलपीच्या सुईपेक्षा बरीच जाड. एलपीची बारीक सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत राहते आणि नुसती खरखर ऐकू येते.

निळासूर
७८ नाही, एलपी लिहिलंय मी. १०० फेऱ्या मोजल्या, बरोबर ३ मिनिटं. म्हणजे टर्नटेबल ठीक आहे. कीबोर्ड ट्यूनरवर तपासला, तोही ठीक. मग राहिलं काय?

चावीवाली
रेकॉर्ड राहिली! कोणती आहे ते तुम्ही अजून लिहिलेलं नाही.

निळासूर
ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा अल्बम, ‘काइंड ऑफ ब्लू’. जॅझ शिकणारा आणखी कुठून सुरुवात करणार? त्यातला पहिला ट्रॅक ‘सो व्हॉट’ वाजवतोय.

श्रोता७८
मग तुमचा ब्रिज, म्हणजे मधला भाग, चुकत असेल. ‘सो व्हॉट’मध्ये १६ बार (तालाचे खंड) डी डोरियन हे स्वरसप्तक, मग ८ बार ई फ्लॅट डोरियन, पुन्हा ८ बार डी. मधल्या आठ बारांत सगळं अर्धा स्वर वर सरकतं. नवशिके तिथेच सुटतात.

निळासूर
ब्रिज मला माहीत आहे. तिथे चुकलो असतो तर फरक पूर्ण अर्ध्या स्वराचा आला असता आणि आठच बारांपुरता. इथे पहिल्या बारपासून शेवटपर्यंत तोच फरक आहे, आणि अर्ध्या स्वराहून कमी.

स्वच्छकान
एलपीचा हट्ट सोडा. डिजिटल फाइल घ्या, वेगाची कटकटच नाही.

तबकडीवाला
फाइल कोणत्या टेपवरून केली त्यावर ते ठरतं. टेपच चुकीच्या वेगाची असेल तर फाइलही तशीच होणार.

स्वच्छकान
मोठ्या कंपनीची मास्टर टेप, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाची टेप, चुकीच्या वेगाची कशी असेल?

चावीवाली
असते, आणि इथे तेच झालंय असं मला वाटतं. निळासूर, दुसरी बाजू लावा. ‘ऑल ब्लूज’ जुळतं का ते सांगा. आणि प्रेसिंग कधीचं आहे, म्हणजे तबकडी कधी काढलेली?

निळासूर
दुसरी बाजू लावली. जुळतं! पहिल्या बारपासून तंतोतंत जुळतं. तबकडी तीच, टर्नटेबल तेच, कीबोर्ड तोच. हे कसं शक्य आहे? प्रेसिंगचं साल कुठे बघतात? लेबलवर नाही. कव्हर जुनं आहे.

चावीवाली
आता सगळं लागलं. हा अल्बम न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावरच्या कोलंबियाच्या स्टुडिओत दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झाला, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. ‘सो व्हॉट’, ‘फ्रेडी फ्रीलोडर’ आणि ‘ब्लू इन ग्रीन’ मार्चमधले, म्हणजे तुमची पूर्ण पहिली बाजू. दुसरी बाजू एप्रिलमधली. मार्चच्या दिवशी मुख्य टेपरेकॉर्डर किंचित हळू चालत होता. हळू चाललेली टेप योग्य वेगाच्या यंत्रावर वाजवली की ती भरभर वाजते आणि सूर चढतो. लोकांना वाटतं हळू यंत्र म्हणजे सूर खाली, पण ध्वनिमुद्रणाच्या वेळी यंत्र हळू असेल तर नेमकं उलटं होतं.

त्याच वेळी दुसऱ्या यंत्रावर खबरदारीची प्रत घेतली जात होती. ते यंत्र बरोबर चाललं होतं. १९९२ साली अल्बम पुन्हा काढला तेव्हा ती टेप वापरली आणि पहिली बाजू पहिल्यांदा खऱ्या सुरात बाहेर आली. त्याआधीच्या सगळ्या तबकड्यांत पहिली बाजू चढी आहे. तुमची प्रत त्यांतली दिसते.

तबकडीवाला
लेबलवर डोळ्यांसारखी सहा चिन्हं असतील तर ती सुरुवातीच्या काळातली. अगदी पहिल्या कव्हरवर मागे अल्बमवरच्या सॅक्सोफोनवादक कॅननबॉल ॲडर्लीच्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक ‘ई’ गाळलेला असतो, आणि दुसऱ्या बाजूच्या दोन्ही ट्रॅकची नावं उलटसुलट छापलेली असतात. तशी असेल तर जपून ठेवा, त्यावर रियाज करून झिजवू नका.

श्रोता७८
अवांतर होतंय, पण खबरदारीच्या प्रतीवरून आठवलं. पियानोवादक थेलोनियस मंक आणि या अल्बमवरचाच सॅक्सोफोनवादक कोल्ट्रेन यांचा कार्नेगी हॉलमधला नोव्हेंबर १९५७चा कार्यक्रम व्हॉइस ऑफ अमेरिका रेडिओने टेप केला होता. तो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये २००५ साली सापडला. मंककडे काढलेल्या त्या महिन्यांत कोल्ट्रेन झपाट्याने बदलला असं सगळे सांगायचे, पण ऐकायला फार थोडं होतं. ती टेप ऐकली तेव्हा मला त्या सगळ्या आठवणींचा अर्थ कळला.

मंद्र
आणि टोरांटोचा मॅसी हॉल, १५ मे १९५३! चार्ली पार्करच्या हातात प्लास्टिकचा ग्राफ्टन सॅक्सोफोन. करारामुळे रेकॉर्डवर त्याचं नाव ‘चार्ली चॅन’ छापलं. बेसवादक मिंगसला टेपवर स्वतःचा बेस नीट ऐकू येईना, म्हणून त्याने नंतर तो वरून पुन्हा वाजवून भरला. म्हणजे एलपीवर ऐकू येतो तो सगळा बेस त्या रात्रीचा नव्हे.

लोलक
किंग ऑलिव्हरच्या बँडच्या १९२३च्या तबकड्यांत तर माइकच नव्हता, भोंगा होता. लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) इतका दणदणीत की त्याला इतरांपासून लांब उभं केलं होतं, ही त्याच बँडच्या पियानोवादक लिल हार्डिनची आठवण.

निळासूर
गोष्टी छान आहेत, पण माझं काय? माझ्या टर्नटेबलला वेग बदलायची पट्टी नाही. नवी प्रत घेऊ का?

स्वच्छकान
हेच तर मी म्हणत होतो. १९९२नंतरचं घ्या.

रेघोटी
मी मात्र जुनीच ऐकेन. तेहतीस वर्षं जगाने पहिली बाजू त्या वेगातच ऐकली. कितीजण तिच्यावरून ट्रम्पेट शिकले. तो चढेपणाही आता त्या संगीताचाच भाग झालाय.

चावीवाली
रेघोटी, मला हे पटत नाही. त्या दिवशी स्टुडिओत सात माणसं होती, त्यांनी तसं वाजवलं नव्हतं. खऱ्या वेगात माइल्सचा सूर थोडा गडद लागतो, पॉल चेंबर्सच्या बेसला वजन येतं, ‘ब्लू इन ग्रीन’चं दहा बारांचं चक्र आणखी संथ फिरतं. फरक लहान आहे, पण एकदा ऐकला की विसरत नाही. यंत्राने केलेली चूक वादकांच्या नावावर का टाकायची?

रेघोटी
‘ब्लू इन ग्रीन’ आहे तरी कुणाचं? श्रेय माइल्सला छापलं, त्यावरचा पियानोवादक बिल एव्हान्स आपलं सांगत राहिला. तेव्हा नावावर काय टाकायचं हे तिथेही सरळ नव्हतं.

तबकडीवाला
तो वाद वेगळा, इथे आणू नका. निळासूर, नवी प्रत न घेता करायचं असेल तर पहिली बाजू संगणकावर घ्या आणि तिचा वेग कमी करा. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो तसाच ठेवून नुसता सूर उतरवणारा पर्यायही असतो, तो वापरू नका. मूळ चूक वेगाची आहे, लय आणि सूर दोन्ही बरोबरच चढलेत, तर दोन्ही बरोबरच उतरायला हवेत. थोडं थोडं उतरवत जा. ‘सो व्हॉट’च्या सुरुवातीला बेसचं बोलणं संपून पियानो ‘सो… व्हॉट’ असं उत्तर देतो, तिथे तुमच्या पट्ट्यांशी जुळवा.

श्रोता७८
किंवा दुरुस्त केलेल्या प्रतीतली ट्रॅकची लांबी बघा आणि तेवढी येईपर्यंत वेग उतरवा. सूर आपोआप जुळेल.

निळासूर
केलं. पियानोच्या उत्तरावर जुळवलं आणि शेवटपर्यंत बरोबर वाजवलं, कुठेही सुटलं नाही. खूप आभार, विशेषतः चावीवाली. आता ‘फ्रेडी फ्रीलोडर’ घेतो, तिथे पियानोवर विंटन केली आहे. तो वेगळाच वाजवतो, हात कसा ठेवायचा तेच कळत नाहीये.

चावीवाली
ते बी फ्लॅटमधलं बारा बारांचं ब्लूज आहे. डाव्या हाताने आधी नुसते कॉर्ड धरा, त्याचा उजवा हात सध्या फक्त ऐका. आणि तुमची प्रत कोणत्या सालची ते अजून सांगितलं नाहीत. कव्हरवर ॲडर्लीचं स्पेलिंग बघून लिहा.