सुटे टेनन: एकेक कापू नका, पट्ट्या काढा
एकाने विचारलंय की आठ खुर्च्यांच्या जोडांसाठी एकेक सुटा टेनन (दोन लाकडांच्या समोरासमोरच्या खाचांत गोंद लावून बसवायचा वेगळा चपटा लाकडी तुकडा) कापून घासत बसण्यापेक्षा बाजारातून तयार घ्यावेत का. माझं मत, घरीच करा, पण एकेक नको. उरलेल्या सागवानाच्या दोन-अडीच फुटी पट्ट्या काढा, लाकडाचा धागा (तंतू) लांबीच्या दिशेने ठेवा. सगळ्या पट्ट्या थिकनेसरवर (लाकूड एकसारख्या जाडीला रंधणारं मशीन) एकाच सेटिंगला शेवटचा हात मारून घ्या, आणि त्याआधी एक तुकडा प्रत्यक्ष खाचेत घालून बघा. हाताच्या दाबाने सरकत गेला पाहिजे. हातोडी लागली तर जाड आहे, गोंद सगळा खरवडून निघेल.

कडा गोल करायच्या तर १० मिमी जाडीला राउटरवर (फिरत्या पात्याचं मशीन) ५ मिमी त्रिज्येची राउंडओव्हर बिट, म्हणजे कड गोल करणारं पातं. खरं तर तेही टाळता येतं. ताकद रुंद बाजूंच्या चिकटण्यातून येते, म्हणून टेनन थोडा अरुंद ठेवून कडा चौकोनी राहिल्या तरी चालतं. मी गेली कित्येक वर्षं असंच करतो.

लांबी कापणं अगदी शेवटी, स्टॉपर (सगळे तुकडे एकाच लांबीचे यावेत म्हणून लावायचा अडथळा) लावून, दोन्ही खाचांच्या एकूण खोलीपेक्षा २ मिमी कमी. छोटे तुकडे राउटरवर कधीच धरू नका, बोटं जातात.