बॅच म्हणजे घाणा का? आणि ‘आउटपुट पाहणे’ला काय म्हणावं?

मूळ प्रश्न, रावपुरा (वडोदरा)

आमच्या गटात दोन नवी मुलं आली आहेत. घरी मराठी, रस्त्यावर गुजराती, अभ्यास इंग्रजीत. त्यांच्यासाठी स्लर्मवर (सामायिक संगणकांवर जॉब, म्हणजे कामं, रांगेत लावून चालवणारी व्यवस्था) मराठीत टिपण लिहायला बसलो आणि मथळ्यातच अडलो: ‘बॅच जॉबचं आउटपुट कमांड लाइनवरून पाहणे’. जॉब आणि कमांड लाइन रुळलेले शब्द आहेत, त्यांना मी हात लावत नाही. अडतं ते ‘बॅच’ आणि ‘पाहणे’पाशी.

‘बॅच’साठी ‘तुकडी’ लिहिलं तर शाळेची किंवा पोलिसांची तुकडी डोळ्यांपुढे येते. ‘गट’ फारच मोघम. इंग्रजीतला ‘बॅच’ मूळचा भट्टीतला, ‘बेक’च्याच कुळातला: एका वेळी भाजून निघतात तेवढे पाव. आपल्याकडे तो मान कढईचा, आणि कढईचा शब्द तयार आहे: घाणा. घाणा तेलात सोडला की पिठात मीठ कमी पडलं हे कळूनही उपयोग नसतो, सुधारणा पुढच्या घाण्याला. स्लर्ममध्ये जॉब लावायची आज्ञा म्हणजे एसबॅच, तिचं नेमकं असंच आहे. जॉब लावला त्या क्षणी स्क्रिप्टची, म्हणजे जॉबच्या आज्ञांच्या फाईलची, प्रत घेतली जाते. मागाहून मूळ फाईल दुरुस्त केली तरी रांगेतला जॉब जुन्याच प्रतीवर चालतो. ‘तुकडी’ या शब्दात हे कुठे आहे?

प्रतिसाद, सयाजीगंज

घाणा म्हटलं की मला घाण्याचा बैल आठवतो. दिवसभर फिरतो आणि जागच्या जागी राहतो. शिवाय माझं बालपण पुण्यात गेलं. इथे आल्यावर शेजारच्या काकू ‘पहिलं घाण उतरलं, खाऊन जा’ म्हणाल्या तेव्हा मी क्षणभर गप्पच झाले होते. नवख्या मुलांचा असाच गोंधळ होईल.

प्रतिसाद, दांडिया बाजार

ताई, तुमच्या काकूंचं ‘घाण’ गुजरातीतून आलं. गुजरातीत घाण किंवा घाणवो म्हणजे एका वेळी तळलं जाणारं. आपण बडोदेकर फरसाणवाल्याकडे उभं राहून तोच शब्द उचलतो. त्यात बिघडलं काही नाही. १९३१ साली याच गावात सयाजीराव महाराजांनी ‘सयाजी शासन शब्द कल्पतरू’ हा कारभारातल्या शब्दांचा कोश छापवला, तोही आठ भाषांतले शब्द शेजारी शेजारी मांडून. शेजारच्या भाषेकडे बघून शब्द ठरवायची इथली रीतच आहे. लिहिताना मात्र ‘घाणा’ असाच लिहा, म्हणजे घाणीशी गल्लत होणार नाही.

बैलाचं म्हणाल, तर तेलाचा घाणा आणि भज्यांचा घाणा हा एकच शब्द आहे. एका खेपेला घाण्यात जेवढा तीळ घालायचा तोही घाणाच. यंत्रावरून मापावर आला आणि मापावरून कढईत. लग्नाआधी ‘घाणा भरतात’, मुसळांना आंब्याची पानं बांधून हळकुंडं कांडतात, तिथेही तोच. इतकं घरातलं माणूस दारात उभं असताना ‘तुकडी’ला कशाला बोलावता?

प्रतिसाद, अलकापुरी

घाणा मला पटला, पण एक जॉब म्हणजे घाणा की भजं? माझ्या मते ‘जॉब अरे’ (array, एकदम लावलेला जॉबांचा संच) हा खरा घाणा. एकच स्क्रिप्ट, शंभर वेगवेगळे आकडे, आणि प्रत्येकाची आउटपुट फाईल निराळी. नावात टक्का-मोठा-ए (%A) आणि टक्का-लहान-ए (%a) घातलं की घाण्याचा क्रमांक आणि भज्याचा क्रमांक दोन्ही फाईलच्या नावावर येतात. एकटा जॉब असेल तर त्याला नुसता जॉबच म्हणावं.

आता ‘पाहणे’. इथे दोन वेगळी कामं आहेत आणि इंग्रजी ती एकाच शब्दात कोंबतं. जॉब संपला की कॅट किंवा लेस या आज्ञा लावून फाईल वाचायची: ते वाचणं. जॉब चालू असताना टेल मायनस एफ (फाईलमध्ये नव्या ओळी येतील तशा दाखवणारी आज्ञा) लावून बसायचं: ते डोकावणं. एलएसएफ नावाच्या स्लर्मसारख्याच व्यवस्थेत चालू जॉबचं आउटपुट बघायच्या आज्ञेचं नावच ‘बीपीक’ आहे, म्हणजे सरळ डोकावणं.

हा फरक मला महागात पडून कळला. रात्रभराचा जॉब लावला, पाऊण तास डोकावत होतो, फाईलचा आकार शून्य. अडकला असं समजून एसकॅन्सल (जॉब रद्द करायची आज्ञा) मारलं. जॉब अडकलेला नव्हताच! आउटपुट पडद्याऐवजी फाईलकडे जात असलं की पायथन ओळी बफरमध्ये साठवतो आणि साठा भरल्यावर एकदम फाईलमध्ये ओततो. मी जॉब मारला आणि साठलेल्या ओळीही त्याच्याबरोबर गेल्या. तेव्हापासून पायथन मायनस यू लिहितो, म्हणजे ओळी साठून राहत नाहीत. दुसऱ्या बऱ्याच प्रोग्रॅमना ‘एसटीडीबफ’ लावून ओळीगणिक सोडायला सांगता येतं. डोकावल्यावर काही दिसलं नाही याचा अर्थ कढई रिकामी आहे असा नव्हे. टिपणात हे ठळक लिहा दादा.

प्रतिसाद, सयाजीगंज

जॉब अरेला घाणा, हे मान्य. पण आउटपुटसाठी कुणी ‘प्रदान’ सुचवेल, तो नको. ‘प्रदान’ म्हटलं की शाल-श्रीफळ येतं.

मूळ प्रश्नकर्ता, रावपुरा

‘प्रदान’ घेत नाही. ‘निकाल’ही नको, कारण जॉब निम्म्यात पडला तरी फाईलमध्ये ओळी असतातच, आणि खऱ्या कामाच्या त्याच. चुकांचा (एररचा) संदेश वेगळ्या फाईलमध्ये नाही मागितला तर स्लर्म तोही त्याच फाईलमध्ये लिहितो. त्याला निकाल कसं म्हणणार? आउटपुट हा शब्द आहे तसा ठेवतो.

अलकापुरीकर, तुमचं डोकावणं आणि वाचणं जसंच्या तसं उचललं. टिपणाची सुरुवात आता अशी आहे:

‘जॉब जिथून लावलास त्याच फोल्डरमध्ये स्लर्म, हायफन, जॉबचा क्रमांक, डॉट आउट अशी फाईल तयार होते. सापडली नाही तर एसकंट्रोल शो जॉब आणि क्रमांक दे. एसटीडीआउटपुढे तिचा पूर्ण पत्ता असतो. जॉब चालू असेल तर टेल मायनस एफने डोकाव, बाहेर यायला कंट्रोल-सी. त्याने फक्त टेल थांबतो, जॉब नाही. संपला असेल तर लेसने वाच, आणि शेवटून सुरुवात कर. पूर्ण घाणा लावला असशील तर आधी एकाच भज्याची फाईल उघडून बघ, मग बाकीच्या.’