जर्मनीत आउफहेबुंग्सफरट्रागवर (परस्पर संमतीने नोकरी संपवण्याच्या करारावर) सही केली तर बेकारभत्ता बुडतो का?

स्टुटगार्टकर: सहा वर्षं एकाच कंपनीत. काल एचआरच्या बाईंनी कॉफीबरोबर तीन पानं पुढे सरकवली: 'परस्पर संमतीने' वेगळे होऊ, तीन पगार देऊ. शुक्रवारपर्यंत सही हवी म्हणे. बायको म्हणते, आधी कुणाला तरी विचार.

म्युनिकची ताई: वहिनींचं ऐका! सही केलीत की नोकरी तुम्हीच सोडली असं धरतात. मग श्पेरत्साइट: 12 आठवडे दमडी नाही, शिवाय भत्त्याच्या एकूण मुदतीतून किमान चौथा हिस्सा गेला.

जुना खेळाडू: अपवाद आहे, दादा. कंपनी धंद्याच्या कारणावरून तुम्हाला त्याच तारखेला काढणारच होती, नोटीस पिरियड पाळला आणि भरपाई नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे अर्ध्या महिन्याच्या पगाराच्या वर नाही, तर सहसा श्पेरत्साइट लागत नाही. तुमचे तीन पगार बरोब्बर काठावर. पण हे कारण करारात लिहिलंय का?

स्टुटगार्टकर: आत्ता पाहिलं. कारण नाहीच. आणि शेवटचा दिवस याच महिनाअखेरीचा!

जुना खेळाडू: मग अजिबात नको. सहा वर्षांनंतर कायद्याने किमान दोन महिन्यांची नोटीस लागते. पानं घेऊन आधी वकील गाठा. ब्लू कार्डवर (नोकरीशी जोडलेल्या राहण्याच्या परवान्यावर) आहात का?