मदत हवी आहे: श्रीखंडाच्या झाकणाचा व्हाइट बॅलन्स फिल्टर केलाय, पण फोटो निळे येतायत

देर_कम_फोटोग्राफर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबड आहे, आधीच सॉरी.

माझी वहिनी घरून साड्या विकते, जास्त करून येवल्याच्या सेमी पैठण्या आणि थोड्या इरकल. फोटो काढायचं काम माझ्याकडे (पगार म्हणजे चहा). कॅमेरा कॅनन १५००डी, सोबतची १८-५५ किट लेन्स. अडचण अशी की रंग काही केल्या बरोबर येत नाहीत. मागच्या महिन्यात एका ताईंनी वांगी रंगाची मागवली आणि पार्सल उघडून म्हणाल्या, फोटोत तर चॉकलेटी होती, मला चॉकलेटीच हवी होती!! आता काय बोलणार. त्यानंतर रामा ग्रीनवरून एक, मोरपंखीवरून एक, अशा दोन परत आल्या आणि कुरिअरचा भुर्दंड वहिनीला.

मग कुठेतरी पाहिलं की लेन्सवर पांढरं अर्धपारदर्शक झाकण लावून कस्टम व्हाइट बॅलन्स (डब्ल्यूबी, म्हणजे उजेडाचा रंग कॅमेऱ्याला सांगून पांढरं पांढरंच दाखवायचं सेटिंग) सेट करतात. विकतचे तसले फिल्टर मिळतात पण किंमत बघून गप्प बसलो. घरात श्रीखंडाच्या डब्याचं झाकण होतं, ते लेन्सच्या मापाने गोल कापलं, जुन्या ५८ एमएम यूव्ही फिल्टरची काच काढून त्या रिंगमध्ये बसवलं. दिसायला एकदम झकास झालंय.

पण रिझल्ट बेकार. सगळंच निळसर येतंय, आंबा कलरची साडी लिंबू दिसते. आणि मजा म्हणजे दरवेळी वेगळं. लाल साडीच्या वेळी सेट केलं तर पुढचे सगळे फोटो हिरवट निळे, हिरव्या साडीच्या वेळी केलं तर गुलाबीकडे जातात. करतो काय तर साडी स्टँडवर लावतो, झाकण लावतो, साडीकडे धरून फोटो काढतो, तो कस्टम डब्ल्यूबीमध्ये निवडतो, झाकण काढून खरा फोटो. खोलीत दोन एलईडी बल्ब आणि डाव्या हाताला खिडकी. माझं काय चुकतंय? झाकण चुकीचं आहे का पद्धत? आगाऊ धन्यवाद.

फुकटचा_सल्ला

एवढा खटाटोप कशाला, रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल, रंग नंतर बदलता येतात) काढा आणि लॅपटॉपवर ठीक करा. दोन मिनिटांचं काम.

देर_कम_फोटोग्राफर

@फुकटचा_सल्ला, लॅपटॉप भावाबरोबर ऑफिसला जातो. वहिनी कार्ड काढून फोनला लावते आणि तिथून सरळ व्हॉट्सॅप ग्रुपवर, मधे कुठलंही एडिटिंग नाही. त्यामुळे जे काय करायचं ते कॅमेऱ्यातच, जेपेगमध्येच.

जुना_लेन्सवाला

साडीकडे धरून?? तिथेच गाडं अडलंय की हो.

मी लग्नाचे फोटो काढायचो, रोलच्या काळापासून. तुमचा फिल्टर आणि ग्रे कार्ड (बॅलन्स सेट करायचं करडं कार्ड) यात लोक हमखास गल्लत करतात. ग्रे कार्ड साडीच्या जागी ठेवायचं आणि आपण जिथून फोटो काढणार तिथून त्याचा फोटो घ्यायचा. झाकणाचं बरोब्बर उलटं. कॅमेरा घेऊन साडीच्या जागी जाऊन उभं राहायचं, साडीकडे पाठ, आणि लेन्स प्रकाशाकडे. म्हणजे साडीवर जो उजेड पडतो तोच झाकणावर पडला पाहिजे. झाकणाचं काम एवढंच की समोरचं सगळं कालवून एकच सपाट ठिगळ कॅमेऱ्याला दाखवायचं. कॅमेरा ते ठिगळ करडं धरून चालतो, आणि लाल नि निळा हिरव्याच्या बरोबरीला आणतो.

तुम्ही लाल साडी दाखवलीत. त्याने लाल उजेड समजून लाल कमी केला, मग बाकी उरलं ते हिरवट निळं. तो बिचारा सांगितलेलं काम चोख करतोय.

आमच्या वेळी हे सगळं आधी डोक्यात ठरवावं लागायचं. डेलाइट रोल असला आणि हॉलमध्ये पिवळे बल्ब असले की निळा ८०ए फिल्टर, ट्यूबलाइट असल्या की गुलाबीसर एफएलडी. चुकलं की रोल धुऊन आल्यावरच कळायचं, तोवर नवरा-नवरी महाबळेश्वरला. तुमचं बरं आहे, मागच्या स्क्रीनवर लगेच दिसतं.

पिक्सेल_पाटील

लेन्सवाला काकांना +१. त्यात थोडी भर:

लेन्स एमएफवर, म्हणजे मॅन्युअल फोकसवर ठेवता ना? झाकण लावल्यावर ऑटोफोकसला पकडायला काही सापडत नाही, लेन्स घुर्र घुर्र करत राहते आणि बटण दाबलं तरी फोटो निघत नाही. आउट ऑफ फोकस आला तर उलट चांगलंच.

एक्सपोजर मधोमध हवं. फार काळा किंवा जळालेला आला तर १५००डी स्वतःच सांगतो की या फोटोवरून बॅलन्स नीट होणार नाही.

आणि तिसरं, यात सगळे फसतात, मीही आठवडाभर फसलो होतो. मेनूत कस्टम व्हाइट बॅलन्समध्ये जाऊन फोटो निवडला आणि ओके केलं की काम झालं असं वाटतं. तसं नाही. त्यानंतर डब्ल्यूबीच्या यादीत जाऊन कस्टमचं चिन्ह वेगळं निवडावं लागतं, नाहीतर कॅमेरा आपला ऑटोवरच. तुमचे फोटो दरवेळी बदलतायत म्हणजे तुम्ही ते करत असणार, तरी लिहून ठेवतो, पुढे कोणी हा धागा वाचेल त्याला.

देर_कम_फोटोग्राफर

काका, पाटील, दोघांनाही दंडवत. कस्टमचं चिन्ह निवडत होतो, फोकसही एमएफ. पण दिशा पूर्ण उलटी होती. आत्ता साडीच्या जागी उभं राहून केलं. आता लाल हिरवी काही असो, सगळे फोटो एकसारखे येतात. फक्त सगळे एकसारखे निळे!! म्हणजे अर्धी लढाई जिंकलो. आंबा अजून लिंबूच आहे.

रसायनवाली_मॅडम

मग झाकण पिवळं आहे.

डोळ्याला पांढरं दिसतं त्यावर जाऊ नका, आपला डोळा फार लवकर सवय करून घेतो. झाकण थोडा निळा अडवत असेल तर कॅमेऱ्याला वाटणार उजेडातच निळा कमी आहे, तो वरून निळा घालणार, आणि झाकण काढलं की तो जास्तीचा निळा तसाच फोटोत उरणार. फोटोत जो रंग चढतो त्याच्या विरुद्ध रंगाचं तुमचं झाकण, हे पक्कं धरा.

टेस्ट सोपी आहे. स्टुडिओवाल्याकडून करडं कार्ड मिळालं तर आणा. भर दुपारी गच्चीवर जा, झाकणाने बॅलन्स सेट करा, मग झाकण काढून त्याच उन्हात कार्डाचा फोटो. फोनमध्ये रंगाचे आकडे दाखवणारं कुठलंही अॅप घ्या आणि कार्डावर बोट ठेवा. लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर झाकण पास.

एक विचारू? त्या डब्यात श्रीखंड संपल्यावर काय ठेवत होता?

देर_कम_फोटोग्राफर

मॅडम, आधी आकडे: लाल ११८, हिरवा १२४, निळा १४१. नापास.

आणि आता हसू नका. आईला विचारलं तर म्हणाली, डबा दोन वर्षं हळदीचा होता.

फुकटचा_सल्ला

😂😂😂 हळदीचा कार्यक्रम झालाय लेन्सचा

रसायनवाली_मॅडम

वाटलंच मला. हळदीतलं कर्क्युमिन प्लास्टिकमध्ये मुरतं, साबणाने वरवरचं जातं, आतलं राहतं. पण ते उन्हात टिकत नाही. पांढऱ्या शर्टावरचा हळदीचा डाग धुऊन उन्हात टाकला की उडतो, तेच इथे. दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, दोन्ही बाजू उलटून पालटून.

हडपसर_ते_होबोकेन

इकडे अमेरिकेत बरेच जण चिप्सच्या डब्याचं गोल झाकण किंवा कॉफी गाळायचा पांढरा कागद वापरतात. मी कॉफीवाला वापरलाय, दोन पदर करून रबर बँडने लेन्सवर. काम चालतं. तो चॉकलेटी, ब्लीच न केलेला घेऊ नका. प्रिंटरचा कागद पण नको, कपड्यांना नीळ घालतो तसं त्यात जास्त पांढरं दिसण्यासाठी काहीतरी घातलेलं असतं, ते उन्हातलं अतिनील पिऊन निळं चमकतं. म्हणजे उन्हात एक रिझल्ट आणि बल्बखाली दुसराच.

नळवाला_इंजिनिअर

सगळ्यात स्वस्त आणि कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी वस्तू कोणी सांगितलीच नाही. प्लंबर नळाच्या आट्यांना गुंडाळतो ती पांढरी टेफ्लॉन टेप. चेष्टा नाही करत. लॅबमध्ये रंग मोजायच्या यंत्रांना जे पांढरं स्टँडर्ड लागतं ते याच पदार्थाचं, पीटीएफईचं असतं, कारण तो सगळे रंग जवळपास सारखेच परतवतो. टेप १२ एमएम रुंद असते, रिंगवर पट्ट्या थोड्या एकमेकींवर चढवून आडव्या लावा, मग तशाच उभ्या. जोड दिसतील, दिसू द्या, लेन्सच्या इतक्या जवळचं फोकसमध्ये येतच नाही. ती ताणली जाते म्हणून फार ओढू नका. आणि चिकट नसते, कडेने सेलोटेप लागेल. सेलोटेप काचेसमोर येऊ द्यायची नाही, ती पिवळी असते.

बटर पेपर कोणी सुचवला तर ऐकू नका, तो आधीच पिवळसर.

पैठणीवाली_आत्या

मी कॅमेऱ्यातली नाही, साडीतली आहे. एक सांगते रे बाळा, पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असेल तर ती धूपछाँव होते, समोरून एक रंग आणि चुणीत दुसरा. वांगी म्हणून विकतात त्यात कितीदा तरी लाल आणि निळा धागा एकत्र असतो. तिला कुठलं झाकण पुरणार? अशा साडीचे दोन फोटो टाकायचे, एक पसरून आणि एक निऱ्या घालून, आणि खाली लिहायचं धूपछाँव आहे म्हणून. आमच्याकडे तर बाईला उंबऱ्याबाहेर नेऊन उजेडातच दाखवतात.

जुना_लेन्सवाला

आत्याबाई लाख बोललात.

आणि देरभाऊ, तुमची खोली. एलईडी आणि खिडकी एकाच वेळी? खिडकीचा उजेड साडेपाच हजार केल्विनच्या (उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जास्त तितका उजेड निळा) पुढे, ढगाळ असेल तर आणखी वर, आणि पिवळट बल्ब असतील तर तीन हजारच्या आसपास. साडीची डावी बाजू एका उजेडात, उजवी दुसऱ्या. बॅलन्स एकच सेट होतो, दोन नाही. एकतर पडदा लावा नाहीतर बल्ब घालवा. मी म्हणेन बल्ब घालवा. स्वस्त एलईडीच्या उजेडात काही रंगच कमी असतात, लाल विशेषतः, आणि जे उजेडातच नाही ते कॅमेरा आणणार कुठून? वांगीची चॉकलेटी होण्यात त्या बल्बचा हात मला जास्त दिसतो. बल्ब लावायचेच असतील तर डब्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा जास्त लिहिलंय का बघून घ्या. काही बल्ब लुकलुकतातही, आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून त्यांच्याखाली शटर १/५० नाहीतर १/१०० ठेवा, वेगात काढलंत तर एका फोटोत एक रंग नि दुसऱ्यात दुसरा.

भिंत कुठल्या रंगाची आहे?

देर_कम_फोटोग्राफर

पिस्ता. 😶

जुना_लेन्सवाला

हरे राम. भिंतीवर पांढरी चादर.

देर_कम_फोटोग्राफर

अपडेट देतोय, रविवारी सकाळचा पूर्ण वेळ यात गेला.

झाकण तीन दिवस गच्चीवर होतं (मधे एकदा कावळ्याने पळवलं, शेजारच्या पत्र्यावर मिळालं). टेफ्लॉन टेपही आणली आणि दुसऱ्या रिंगवर लावली, म्हणजे आता दोन फिल्टर. उन्हात कार्डावर दोन्ही तपासले. झाकण: १२४, १२६, १३१. टेप: १२७, १२८, १२६. टेप जिंकली, पण तीन दिवसांच्या उन्हात हळद एवढी उतरेल असं वाटलं नव्हतं, आठवडाभराने परत आकडे टाकतो. टेपचं एकच, उजेड बराच खाते, बॅलन्स सेट करताना आयएसओ (कमी उजेडातही फोटो उजळ यावा म्हणूनचं सेटिंग) वाढवावा लागला.

बल्ब बंद, भिंतीवर पांढरी चादर, सकाळी ९ ते ११ फक्त खिडकी, दर अर्ध्या तासाने बॅलन्स परत सेट करतोय कारण ऊन सरकतं. आंबा आता आंबा आहे. मोरपंखी आणि रामा ग्रीन शेजारी ठेवून काढले तर वहिनी फोनवर बघून म्हणाली, हो, आता ओळखू येतात. वांगी नव्वद टक्के. साडी हातात धरली तर त्यात जरा जास्त लाल आहे, फोटोत किंचित निळी वाटते. आत्या म्हणतात तसं दोन फोटो टाकून खाली धूपछाँव लिहिलं. तेवढ्यात एकीचा मेसेज आला की रंग पिवळट वाटतोय, पंधरा मिनिटं डोकं खाजवल्यावर कळलं की तिच्या फोनमध्ये रात्रीचा नाईट मोड दिवसाही चालूच होता.

कॉफीचा कागद मिळाला नाही, इथे कॉफी गाळून कोण पितं.

पिक्सेल_पाटील

टेपवाला फिल्टर धुळीपासून जपा, डबीत ठेवा. आणि बॅटरी बदलताना किंवा कोणी मेनूत हात घातला तर डब्ल्यूबी ऑटोवर गेला नाही ना, रोज पहिल्या फोटोआधी बघत जा. बाकी अभिनंदन!

पैठणीवाली_आत्या

ती वांगी अजून आहे का? काठ कुठला, मुनिया का नारळी?

देर_कम_फोटोग्राफर

आत्या, मुनिया काठ, पदरावर मोर. व्यनि (खाजगी निरोप) केलाय. निऱ्यांचा फोटोही जोडलाय.